वाळवी

कुडतरीत, तळ्याकडच्या घरात
पिएदाद ओळीवर बोट ठेवते,
'मेलेल्यांसाठी मिसा,
कुठे लिहिलंय? दाखव.'

कायतान घंटेच्या दोराने सोललेले हात
सदऱ्याला पुसतो.
'आणि हे पुस्तक राखलं कुणी, बाय?
पाद्रीच्या कपाटातूनच आलं ना?'

आईला उद्या महिना.
मेणबत्त्यांचं अजून ठरत नाही.

ती मोठ्याने वाचू लागते
आणि अडते:
वाळवीने मधलीच ओळ खाल्लीय.

कायतानला वाचता येत नाही.
पण पुढचं तो म्हणतो, जमिनीकडे बघत,
आई म्हणायची तसंच,
एक शब्द चुकवून.

पिएदाद पेन्सिल उचलते.
भोकात लिहावं, की समासात?

आंजेलूची वेळ टळून गेली.
गावाला वाटलं, दोर तुटला असेल.