आठ दिवसांचा मालक

दरवर्षी एप्रिलमध्ये
विनिपेगच्या रस्त्याकडेचा बर्फ काळा पडून
कुणी न उचललेल्या सामानासारखा बसलेला असतो,
तेव्हा रब्बाय लिप्शिट्झ मला ऑफिसात बोलावतात
आणि एका डॉलरला
शाळेतलं सगळं खमीर विकतात.

एरवी मी बोग्दान. बॉयलर, गळके नळ,
पुरीमनंतर महिनाभर बाकांखाली सापडणारे खुळखुळे.
मांडवांच्या सणाला अंगणात मांडव घालणारा.
पहिल्या वर्षी मी वर ताडपत्री ताणली होती, पोरं भिजू नयेत म्हणून.
पहिलीतला एक एवढासा मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला,
"चांदण्या कशा दिसणार?"
एकोणीस वर्षं झाली. ताडपत्री अजून माळ्यावर आहे.

"रुमाल उचला," रब्बाय म्हणतात.
मी उचलतो. झाला व्यवहार.
"हे नाटक नाही हं. आता खरंच तुमचं.
मनात आलं तर रात्री या, सगळं फस्त करा."
मी पोटावर हात फिरवतो. दोघं हसतो.
विनोद जुना आहे, पण वर्षातून एकदाच लागतो.

मग ते यादी वाचतात :
मैद्याची सात पोती,
शेवया, बिस्किटं, जवाचं सूप,
झलुट्स्कीबाईंच्या खालच्या खणातली व्हिस्की
(बाई खिडकीबाहेर बघतात),
आणि बालवर्गाची खेळायची रंगीत कणीक,
कारण तीही गव्हाचीच.

त्या वर्षी मी कपाटांना चिकटपट्टी लावत होतो.
वर्गातली पोरं पीस आणि मेणबत्ती घेऊन
चुऱ्याचा शोध घेत रांगत होती.
तिर्झा तेवढी उठून माझ्याकडे आली.
पाच वर्षं, पुढचे दोन दात गायब.
"माझा कोंबडा तुझा झाला?"
निळ्या कणकेचा होता. शेपूट पिवळं.
"कायद्यानं, हो."
तिनं जरा विचार केला.
"त्याला अंधारात झोप येत नाही."

वल्हांडणाचे आठ दिवस शाळा बंद.
मी बॉयलर बघायला येतो,
माझ्या मालमत्तेवरून एक चक्कर टाकतो.
कोटांच्या खुंट्या तीनशे. खाली नावं एकसष्ट.
मार्चमधल्या सभेत कुणी काय म्हणालं
ते मला ठाऊक आहे; सभेनंतर खुर्च्या मीच उचलतो.
"अजून दोन वर्षं," एक जण म्हणाला होता.
"फार तर."
दोन वर्षांनी हे खमीर कुणाला विकतील?
आणि मी कुणाकडून घेईन?

चौथ्या रात्री पट्टी सोडवली.
कोंबड्याला भेगा पडत होत्या.
बोट ओलं करून पाठीवरून फिरवलं,
कपाटाचं दार किलकिलं ठेवलं,
कॉरिडॉरचा दिवा चालू.
घरी बायको म्हणाली, "आपला ईस्टर रविवारी आहे,
अंडी रंगवायची सोडून कुठं होतास?"
म्हटलं, इस्टेटीची कामं.

सण उतरला त्या रात्री
रब्बायांनी डॉलर परत दिला.
अबितबोलबाई, मूळच्या मोरोक्कोच्या,
माझ्याच, म्हणजे आता त्यांच्याच, मैद्याच्या
पातळ पोळ्या तव्यावर टाकत होत्या,
लोणी, मध, भोवती गिल्ला,
म्हातारे आणि पोरं एकाच ताटात बोटं घालत.
तिर्झा कोट न काढता थेट कपाटाकडे.
तुरा निखळला होता.
तिनं तो तळहातावर घेतला, माझ्याकडे बघितलं.
"दिवा लावलास?"
"लावला."

खिशातून तिनं कागदी रुमालात गुंडाळलेली
बेखमीर भाकर काढली, चार तुकडे झालेली.
"हे विकत नाहीये," म्हणाली. "नुसतं घे."

शाळा अजून आहे. यंदा चौपन्न.
त्या भाकरीचा चुरा
फटींतून, मोज्यांतून, पुस्तकांच्या शिवणीतून
जूनपर्यंत निघत राहतो.
मी झाडतो. सगळा नाही.