चुकीच्या थांब्यावर

अण्णा बावीस वर्षं लातूर स्थानकाच्या चौकशी खिडकीत बसले.
"औसा, लामजना, निलंगामार्गे कासारशिरशीकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक चारवर लागत आहे..."
पोती, कोंबड्या, लग्नाच्या पेट्या
त्या आवाजामागं हलायच्या.

वैशाखातल्या एका दुपारी
"औसा" म्हणाले, आणि पुढचं गाव आलंच नाही.
माईक चालू होता.
अख्ख्या स्थानकानं एका माणसाचं गप्प होणं ऐकलं.
खाजामियाँ किटली खाली ठेवून धावले.

मी काय करते, ते त्यांना कधी नीट सांगितलंच नाही.
नांदेडला, प्रयोगशाळेत, मी चरबीच्या थेंबांत औषध भरते.
केसाच्या जाडीत एकाशेजारी एक
सात-आठशे मावतील, एवढा थेंब.
मेंदूला वेस असते, अण्णा.
रक्तातल्या फार थोड्यांना ती आत घेते.
म्हणून थेंबावर बाहेरून
वेशीच्या ओळखीचा एक तुकडा चिकटवायचा.
दार उघडलंच, तर आत जाऊन
हळूहळू रिकामं व्हायचं,
जिथल्या पेशी मेलेल्या नाहीत
पण हाकेला ओ देत नाहीत, तिथं.

सांगायला सोपं आहे.
शंभर सोडले तर नव्वदच्या वर
यकृतात उतरतात, प्लीहेत उतरतात,
चुकीच्या थांब्यावर, सामानासकट.
पोचतात एक-दोन.
तेवढ्यावर आमचे शोधनिबंध.

तेही उंदरांत.
उंदराच्या पंजाला चिकटपट्टीचा तुकडा लावायचा
आणि घड्याळ घेऊन बसायचं:
त्याला कळलं कधी, काढला कधी.
अकरा नंबरनं चाळीस सेकंदांत काढला
तेव्हा आम्ही पेढे वाटले होते.

माणसापर्यंत यायला दहा वर्षं. पंधरा.
नाहीतर कधीच नाही.
"जरासं चोरून आणायला येईना का गं तुला?" आई म्हणते.
ती हसत नाही. मीही नाही.

पाणी हवं असलं की अण्णा आता "निलंगा" म्हणतात.
पंखा म्हणजे "फलाट".
महानंदा अजून कशालाच म्हणत नाहीत.
वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, बोलायला लावू नका,
त्यांची गावं म्हणायला लावा, त्याच चालीत.
रोज संध्याकाळी मी "औसा" म्हणते, आणि थांबते.
ते तोंड उघडतात.
शब्द निघालेला दिसतो.
वाटेत कुठंतरी उतरतो.

काल रक्त तपासायला नेलं होतं.
डाव्या हातावर, सुईच्या जागेवर, पट्टी तशीच राहिली.
मी काढणारच होते.
काढली नाही.
सवयीनं मनगटाकडं बघितलं. सहा वाजून दहा.

साडेसहाला त्यांना ती दिसली.
उजवा हात मांडीवरून उठला,
पोचला नाही, पडला.
परत उठला.
"काय बघूलालीस? काढ की!" आई म्हणाली.
अंगठा पट्टीच्या कडेवर नुसता टेकला,
कुणाच्या तरी दारावर टेकावा तसा.
सात वाजले. एक कोपरा सुटला.
त्याच्याबरोबर दोन केस.
अण्णा "स्स" म्हणाले.

मी वहीत काही लिहिलं नाही.
आई भाकरी थापायला आत गेली, थपथप सुरू झाली,
आणि मी "औसा" म्हटलेलं नसताना,
कुणीच काही म्हटलेलं नसताना,
"...म...जना," अण्णा म्हणाले,
आणि फलाटाच्या आकड्यासाठी
माझ्याकडं बघत राहिले.