पान सत्त्याऐंशी

नाव सांगत नाही त्या कादंबरीचं.
सांगितलं की उद्या दोघं-तिघं मागायला येतील
आणि माझ्याकडे एकच प्रत उरलीय, चौथी.
पहिल्या तीन चोरीला गेल्या.
पाककृती कुणी चोरत नाही, अध्यात्म तर नाहीच.
चोरतात ती हीच,
आणि चोरणारा दर वेळी सोळा-सतरा वर्षांचा.

धनकवडीत, शेवटच्या बसस्टॉपच्या अलीकडे
पिठाच्या गिरणीवर माझी लायब्ररी.
खाली ज्वारी पडली की वर कपाटं थरथरतात,
पुस्तक झटकल्याशिवाय कुणी उघडत नाही.
ही चौथी प्रतही एकदा गेली होती.
दोन वर्षांनी कुरिअरने आली, नागपूरहून,
चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही,
वर नवीन कव्हर घातलेलं.

मी ती वाचली अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.
खरं सांगते, राग आला त्या पोराचा.
सगळं जग खोटं म्हणत गावभर फिरतो,
आणि अंगातला शर्ट आईने धुतलेला.
ती आई सबंध कादंबरीत दोनदा येते,
दोन्ही वेळा दाराशी उभी.
एक द्यावीशी वाटली त्याला ठेवून.
मग पुन्हा एकदा वाचली.

दारात पाटी आहे: पुस्तकात लिहू नये. दंड पाच रुपये.
तरी लिहितात.
रविवारी दुपारी मी खोडरबर घेऊन बसते,
अधोरेखितं, फोननंबर, बाण घुसलेले बदाम,
सगळं पुसते.
पान सत्त्याऐंशी सोडून.

तिथे तो पोरगा म्हणतो,
घरात सगळे माझ्याशी बोलतात,
पण हाक कुणी मारत नाही.

शेजारी समासात, पेन्सिलीने: मी पण.
त्याखाली निळ्या शाईत: मी पण.
मग हिरवं जेलपेन, मग पुन्हा पेन्सिल,
बसच्या रांगेत उभे असावेत तसे एकामागे एक,
पुढच्याची फक्त पाठ पाहिलेले.
काही अक्षरं मी ओळखते.
तो तिरका ण यास्मिन मुलाणीचा,
आता कोंढव्यात लोकांच्या दाढा काढते.
दयानंद खुडे बारावीला दोनदा बसला,
त्याने तारीखही घातलीय, निकालाची.

आणि मध्येच एक: मी नाही.
इतकं दाबून, की एकोणनव्वदवर उमटलंय.

गेल्या गुरुवारी एक जण आला,
हातात हेल्मेट, चाकणच्या कंपनीचा बिल्ला,
कपाळ मागे सरकत गेलेलं.
ते पुस्तक आहे का अजून, म्हणाला.
कुठलं, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
ट्यूबलाइटखाली उभ्यानेच उघडलं,
पानांचे आकडे न बघता.
बराच वेळ गिरणीचाच आवाज.
काकू, रबर आहे?

त्याने फक्त 'नाही' पुसलं.
शिसं गेलं, खोबण राहिली.
तिच्यावर बोट ठेवून म्हणाला,
मुलगी पंधराची आहे. दार लावून बसते.
मी बाहेरून म्हणतो, जेवायला ये,
क्लासची वेळ झाली, पंखा बंद कर.
नाव घेतच नाही हो मी तिचं.

मी म्हटलं, पाच रुपये दंड.
तो हसला नाही, सुटे शोधत राहिला.

घेऊन जा तिच्यासाठी, म्हटलं, नोंद नको.
नको, म्हणाला. मी दिलं तर ती उघडणार नाही.
तिची मैत्रीण येते ना तुमच्याकडे,
तिच्याबरोबर येईल कधीतरी.
तिचं तिला चोरू दे.

ते मी आता खालच्या फळीवर ठेवलंय,
दाराजवळ,
माझ्या टेबलावरून जिथलं काही दिसत नाही.