दुसऱ्यातला अर्धा र

नवी आवृत्ती निघाली त्या रात्री खानापुरात वीज नव्हती.
इन्व्हर्टरच्या जिवावर मी ती उतरवून घेत बसले,
स्टेशन रोडला, शटर अर्धं ओढून.
अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर गाडा अडला. परत पहिल्यापासून.
पहाटे पावणेचारला पेन ड्राइव्हवर आली
आणि साडेसहाच्या जांबोटी बसनं
कंडक्टरच्या खिशात बसून कणकुंबीच्या शाळेत गेली.
पाकिटावर लिहिलेलं : लोबो सर. पैसे घेऊ नयेत.

लोबो सरांनी पहिल्यांदाच विचारलेलं,
"फुकट कशी काय? काय तरी असणार की आत."
असतंच की आत, म्हटलं, खरं ते बघायला मिळतं.
कुणीही झाकण काढावं,
कुठला स्क्रू सैल आहे सांगावं,
जमलं तर पिळून द्यावा.

दुपारी त्यांचा फोन.
सगळं झ्याक चाललंय, खरं पोरं हसूलालीत.
'दुसऱ्या'चा र मोडलाय.
बघितलं. खरंच :
य एकटा उभा, शेजारी पाय तुटलेला र,
मध्ये ठिपक्यांचं एक वर्तुळ, रिकाम्या ताटासारखं.
'पायऱ्या', 'दऱ्या', 'वाऱ्यावर', सगळ्यांची तीच गत.

मी लिहून कळवलं. कुणाला, ते ठाऊक नव्हतं.
मशीन कुठलं, काय दिसतंय, काय दिसायला हवं,
शाईपेननं कागदावर तो र काढून त्याचा फोटो.
मग कौलांच्या कारखान्याची बिलं टाइप करायला घेतली.

रात्री उत्तर आलं, गोकाकहून.
निंगराज म्हणून कोणी, गिरणीत रात्रपाळीला.
मराठी वाचता येत नाही म्हणाला,
खरं फोटो बघून कळलं कुठं दुखतंय ते.
त्यांचाही एक र आहे, अक्षराच्या मागून चालणारा.
आमचा कधी डोक्यावर बसतो,
कधी असा दारात आडवा पडतो.
त्यांचा मागच्या आवृत्तीत भरकटला होता.
कुणी वळवून आणला, विचारलं.
म्हणाला, एक तमीळ बाई. तिला कन्नड येत नव्हतं.

अकरा दिवस आम्ही त्या र च्या मागे.
तो बदल पाठवायचा, मी लावून बघायची.
आता?
नाही.
आता?
'पायऱ्या' बसल्या, 'दऱ्या' कोसळल्या.
त्याच आठवड्यात माझ्या दुकानाचा फलक खाली उतरवलेला.
कुठली लिपी वर, कुठली खाली, किती इंच,
पेंटर मोजपट्टी घेऊन शिडीवर,
खाली दोन्हीकडची माणसं माना वर करून.
मला चहा सांगायलाही सवड नव्हती.

बाराव्या दिवशी दुरुस्ती आत घेतली.
चार ओळींची. त्यातली एक नुसती मोकळी.
पुढच्या आवृत्तीच्या आभारात नावं आली :
वर कोणी पोलंडचा, मग निंगराज हुक्केरी,
खाली प्रमिला नंदगडकर.
जिल्हा लिहायला रकानाच नव्हता.

आता एप्रिलात जुन्या आवृत्तीचा आधार संपतोय.
लोबो सर काळजीत, "मग ती नऊ मशीनं मेली म्हणायची?"
मरत नाहीत हो.
फक्त त्यांच्यासाठी रात्री कुणी जागं नसेल.
म्हणून परत शटर अर्धं, परत पाकीट.
बसवर कंडक्टर नवा, बैलहोंगलकडचा.
पाकीट डोळ्यांजवळ धरून वाचूलालाय,
'दु... स...' आणि अडला.
"हे काय हो मध्ये?"
अर्धा र.
"मग उरलेला अर्धा कुठं?"
गोकाकला, म्हटलं. रात्रपाळीला.