पाव सूर खाली

ब्लफमध्ये जूनात पाचलाच अंधारतं.
जुन्या सामानाच्या दुकानात शनिवारी माझी पाळी:
कान तुटलेले कप, भेगाळलेले गमबूट,
आणि त्या दिवशी, आइस्क्रीमच्या डब्यात
अकरा कॅसेटी.

वर निळ्या पेनाने बँडचं नाव, खोडलेलं.
त्याखाली दुसरं. तेही खोडलेलं.
तिसरं मला माहीत होतं. विंच.
गावात सगळ्यांनाच माहीत आहे,
एकदा वेलिंग्टनच्या रेडिओवर वाजले होते म्हणून.
डब्याच्या तळाशी पावाच्या पिशवीची
प्लास्टिकची चिमटी, एका कोपऱ्यात झिजलेली.
तिनेच गिटार वाजवायचे, हे पुढे कळलं.

दोन डॉलर. मीच विकला, मीच घेतला,
पावती मात्र रीतसर फाडली.

आधी नुसती सूं.
वाऱ्याची नाही, वारा मला ओळखू येतो,
फितीची स्वतःची.
मग कुणीतरी विचारतं, चालू झालं का?
दुसरं म्हणतं, लाल दिवा दिसतोय ना. मग.

मग गाणं. म्हणजे गाणं व्हायच्या आधीचं काहीतरी.
शब्द ठरलेले नाहीत, ना ना ना ना,
मध्येच एक खरी ओळ:
तुझ्या बापाची बोट रंगवून झाली का
आणि पुन्हा ना ना.
रेकॉर्डवर ही ओळ नाही.
रेकॉर्डवर तिथे प्रेम आहे.

दुसऱ्या कडव्यात कुत्रं भुंकतं, नेमकं समेवर,
गाणारा हसू दाबतो,
आणि पुढची ओळ त्या दाबलेल्या हसण्यातून
वाकडी होऊन बाहेर येते.
तेवढ्यासाठी मी तेवीस वेळा फीत मागे नेली.

सोबत वाजवायला म्हणून गिटार काढली.
जुळेना.
ट्यूनर म्हणाला, तू बरोबर आहेस.
कॅसेट काही म्हणाली नाही,
पाव सूर खालीच गात राहिली.

रेवी आता शाळेची बस चालवतो.
शेवटचं पोर उतरलं तशी मी चढले.
"हॉलमधला पियानो," तो म्हणाला,
"खारी हवा खाऊन उतरलेला.
आम्ही त्याच्यावरच तारा लावायचो.
लावायला दुसरं होतंच काय?
वाटायचं, जग तिथेच असतं."
हॉल ब्याण्णव साली जळाला, पियानोसकट.
त्याने इंजिन बंद केलं
आणि पुन्हा ऐकलं. गाणं नसावं,
पियानो ऐकत असावा,
जो त्या फितीवर कुठेच वाजत नाही.

कोराली सूटकेस वाजवायची. ड्रम परवडत नव्हते.
अल्युमिनियमच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेली,
दारातच उभी, मोजे हातात.
"कसला पियानो! रेकॉर्डर पळायचा.
नेव्हिलने त्याला शिवणयंत्राचा पट्टा बसवलेला.
पळत भरलेलं चालत ऐकलं
की उतरणारच. हिशेब आहे साधा.
रेवीला पियानो हवाय तर असू दे त्याला."
दार लोटता लोटता म्हणाली,
"कुत्रं मात्र माझं. पिपी. लिहून घे."

कोण खरं, ठाऊक नाही.
पिपी किती वर भुंकायची हे कुणाला आठवलं असतं
तर निकाल लागला असता.

मी सहाही तारा सैल केल्या,
थोड्या थोड्या, कानाने.
आता त्यांच्याशी जुळतंय,
आणि गावात आणखी कशाशीच नाही.
रेडिओशी नाही, चर्चच्या नव्या की-बोर्डशी तर नाहीच.
चिमटीचा झिजलेला कोपरा
अंगठ्याखाली न शोधता सापडतो.

काल फोनवर रेकॉर्डिंग लावलं.
शब्द ठरलेले नव्हते.
बाहेर शेजारचा म्हातारा कचऱ्याचा डबा
फरफटत रस्त्यापर्यंत नेत होता,
एक चाक नसलेला.
थांबले नाही. तोही येऊ दिला.