चेन

गोकुळपेठेच्या बाजारामागं माझं दुकान.
तंबू, दोर, कंदील, अन् भाड्यानं स्लीपिंग बॅग.
पेंचला, खिंडसीला निघालेली पोरं येतात.
मी विचारतो : थंडी किती? चालणं किती?
झोपेत लाथा मारता का?

मग काढून दाखवतो.
ही ममी. खांद्याशी रुंद, पायाशी निमुळती,
नाडी ओढली की फक्त नाक बाहेर.
ही पिसांची. दाबली तर डब्यात मावते,
भिजली की मात्र ओली कोंबडी.
ही धाग्यांची, जड, स्वस्त,
भिजूनही इमान न सोडणारी.
आणि ही चौकोनी. पूर्ण उघडली की नुसतं पांघरूण.
हिला कोणी हात लावत नाही.
हिमालयाच्या गोष्टी करणाऱ्यांना
ती घरच्या गादीसारखी वाटते.

डिसेंबरात पारा सातवर उतरला
त्या रात्री निखाडेच्या काकांचा डबा घेऊन मेडिकलला गेलो.
झाडाखाली, सायकल स्टँडला, पुठ्ठ्यांवर माणसं.
एकानं सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात
कमरेपर्यंत पाय घातले होते.
ही जात माझ्या यादीत नव्हती.

स्कूटरवर दोन फेऱ्या. चौदा बॅगा.
पहिली ममी, सगळ्यात महागाची,
सालेकशाच्या इमलाबाई मडावीला.
नवरा सहा नंबर वॉर्डात.
मी शिकवलं : असे पाय, अशी चेन, अशी नाडी.
चेन गळ्याशी आली तशी ती थांबली.

"भाऊ, रातच्याला सिस्टर नाव पुकारते.
यातून निंघू निंघू तं
सकाळ होऊन जाईन."
अन् मग, खाली बघत,
"हॉस्पिटलात असं बांधून
कोनाला नेतेत, तुमाले मालूम हाय नं."

मी नाडी सोडली.

चौकोनी दिली. तिनं चेन पार तळापर्यंत उघडली,
अर्धी बॅग पोत्यातल्या माणसावर टाकली,
अन् चपला पायातच ठेवून
वॉर्डाच्या दाराकडं तोंड करून आडवी झाली.

तेरा परत आल्या.
धुतल्या, गच्चीवर वाळवल्या. फिनेलचा वास
दोन उन्हं खाऊनही गेला नाही.
चौदावी कुठली, वहीत आहे.

आता पोरांना एक प्रश्न जास्तीचा असतो :
रात्री कोणी हाक मारली
तर किती वेळात उठाल?
पोरं हसतात. जंगलात कोण हाक मारणार, काका?
मी बिल बाजूला ठेवतो,
बॅगेत कोपरापर्यंत हात घालतो,
आणि आतून चेन ओढून बघतो.