खिडकीपासून सात पावलं

"खिडकीत बसा," मी म्हणालो,
युद्धाआधी साऱ्यांना म्हणायचो तसंच,
सवयीनं.
हास्निया दारातच थांबली.
साडेतीन वर्षं या गावात
खिडकीत कुणी बसलं नव्हतं.

द्रिनेपलीकडच्या टेकडीवरून
इकडची खिडकी नखाएवढी दिसते, म्हणे.
नखाएवढी पुरते.
तिचा भाऊ चुलीवरची किटली उतरवायला उठला होता,
एवढंच.

मग खुर्ची कपाटाआड नेली,
जिथे पोचता पोचता उजेड दमतो.
रंग नव्हते. अक्रोडाच्या सालीचा काढा होता,
काजळी, आणि शाळेच्या भिंतीचा खरवडलेला चुना.
कॅनव्हास मीच जाळले होते दुसऱ्या हिवाळ्यात:
आधी डोंगर, मग फुलदाण्या,
शेवटी माणसं.
नगराध्यक्षांच्या मिशा बराच वेळ तडतडल्या.
त्या जाळावर भाजलेल्या मसुराची कॉफी केली.
वाईट नव्हती.

ओळखपत्राला फोटो हवा, आणि फोटोवाला उरला नव्हता.
कारकून म्हणाला, चित्र चालेल,
माणूस ओळखू आलं की झालं.
मदतीच्या पिठाचं पोतं ताणून बसवलं मी.
पहिल्या गुरुवारी नुसता कान उतरला.
"एवढीच आहे मी?"
"उजेड एवढाच आहे."
दोन कांदे ठेवून ती गेली.

पुढच्या गुरुवारी खुर्ची तिनंच सरकवली,
एक पाऊल.
मी फरशीवर खडूनं खूण केली.
तिसऱ्या खुणेला हनुवटी आली,
चौथ्या खुणेला गाल, आणि गालावरचा व्रण,
जो मी सभ्यपणे गाळला.
"तो कुठाय?" ती म्हणाली.
"घ्या त्यालाही. तीन वर्षांचा झालाय."

पाचव्या खुणेवर कितीतरी गुरुवार अडलो.
एकदा खाली अंगणात कुणी गालिचा झटकला,
धप्पकन,
आणि ती खुर्चीमागे, मी टेबलाखाली,
अठ्ठावन्न वर्षांचा गडी, हातात ब्रश तसाच.
तिथून दिसलो एकमेकांना.
ती हसली. पुढचा एक दात नव्हता.
मी तिथूनच रेखाटलं, पोटावर पडून.
ते चित्र कुणाला दाखवत नाही.

सातवी खूण खिडकीची.
एप्रिल होता, बाहेर आलुबुखारची झाडं फुलली होती
कुणाला न विचारता.
ती बसली, मांडीवर मुठी घट्ट,
आणि उजेड सगळा एकदम आला तिच्यावर.
इतके महिने मी तिचे डोळे
अक्रोडाचे काढत आलो होतो.
ते हिरवे निघाले.

"काय झालं?"
"हिरवा नाही माझ्याकडे."
यापुढे जे बोलायचं होतं
ते मला त्या वयात नीट जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार नव्हता.
ती आली, रुमालात खाजरा पाला बांधून,
वेढ्यात उकडून खायचो तोच.
"कुटून बघा," म्हणाली,
आणि बाह्या सरसावून स्वतःच बसली कुटायला,
खिडकीत.
रंग काही फार हिरवा आला नाही.
हात मात्र दोघांचेही
संध्याकाळपर्यंत चुरचुरत राहिले.